सत्त्याऐंशी नंबरचं कार्ड

चिपच्या काचेवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

मी बॅटरी धरून प्रेसच्या पॅनलमध्ये डोकं घातलं होतं आणि मागे टिळे सुपरवायझर घाई करत होता. "काढा ना बाई ते कार्ड. इन्स्पेक्टरसाहेबांची चिठ्ठी आहे ना तुमच्याकडे? मग बघत काय बसलात?"

"हिच्यावरचं लेबल कुठे गेलं?" मी विचारलं.

"कसलं लेबल?"

"चंदेरी कागदाचं. अंगठ्याच्या नखाएवढं. मी स्वतः लावलं होतं."

टिळे वाकून बघायला लागला. "हां, ते होय! ते खंडेनवमीला निघालं असेल. त्या दिवशी सगळी मशिनं धुऊनपुसून पूजा करतो ना आम्ही. आणि हे मशीन निवृत्तीचं. बाकीचे वरवर फडकं मारून मोकळे होतात, हा गडी ब्रश घेऊन पॅनलच्या आतसुद्धा शिरला होता. लेबल तेलानं काळंकुट्ट झालं असेल, टाकलं असेल खरवडून. खाली काच चमकली, लावलं कुंकू. फार जपायचा हो मशीनला."

"आणि पॅनलचं दार?"

"ते कायम उघडंच असतं. आत तापतं ना. पंखा लावलाय बघा समोर."

मी मागे वळले. शेडचं शटर दक्षिणेला होतं आणि माघातलं तिरपं ऊन त्यातून सरळ आत येऊन पॅनलच्या पोटात पडलं होतं. दसऱ्यापासून चार महिने ते रोज असंच पडत असणार. टिळेला यातलं काही कळण्यासारखं नव्हतं आणि मी त्याला काही सांगितलंही नाही. चिपसकट कार्ड उपसलं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं.

प्रेसच्या टेबलावर लाकडाचा भुसा पसरला होता. तिकडे बघायचं मी टाळलं.

पाच दिवसांपूर्वी त्या टेबलावर निवृत्ती बेंडकुळेच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. पत्रा ठोकायचा चाळीस टनांचा प्रेस. त्याला दोन बटणं, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही बटणांवर दोन्ही हात असतील तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे हात आत सापडायची सोयच नव्हती. निवृत्तीचं म्हणणं, माझे दोन्ही हात मोकळे होते, आतला माल काढत होतो, मशीन आपोआप पडलं. कंपनीचं म्हणणं, त्यानं भरभर काम उरकायला एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं दाबून बांधलं होतं. तशी पट्टी त्याच्या टेबलावर सापडली होती. खरं तर त्या शेडमधल्या कुठल्याही टेबलावर ती सापडली असती. पण हात गेला होता तो निवृत्तीचा. सुरक्षेचं साधन त्यानं जाणूनबुजून निकामी केलं असं ठरलं तर नोकरीही जाणार होती आणि भरपाईही.

फाटकाबाहेर त्याची बायको बसली होती. मला बघून उठली, लुगड्याची धूळ झटकली. "मशीन तपासनाऱ्या बाई तुमीच का? मी गया. बेंडकुळ्यांची मंडळी."

"हो, मीच."

"बाई, ह्यांनी पट्टी बांधली न्हवती. बारा वर्सं झाली लग्नाला, एक शबुद माझ्याशी खोटा बोलले न्हाईत. दवाखान्यात नेताना शुद्धीत व्हते. म्हनले, गया, हात मोकळे व्हते माझे. म्हंजे व्हते. तेवढं नीट बघा. आता तुमच्या हातात हाय."

"बघते," मी म्हटलं. आणि खरंच बघणार होते.

आमचा कारखाना म्हणजे सातपूरच्या त्याच औद्योगिक वसाहतीतला एक पत्र्याचा गाळा. मालक ओढेकर सर, सोल्डरिंग करणाऱ्या अकरा बायका आणि तपासणीला मी, मंदाकिनी गायखे, तेव्हा वय वर्षं सत्तावीस. प्रेसवर बसणारी कंट्रोल पॅनलं आम्ही बनवायचो. ओढेकर सर भले गृहस्थ. मला आयटीआयमधून उचलून त्यांनीच तयार केलं होतं, तेही वहीपुस्तकाशिवाय, चहा पिता पिता.

"गायखे, या एवढ्याशा चिपमध्ये सोळा हजार खोल्या आहेत," ते सांगायचे. "प्रत्येकीला चारी बाजूंनी काचेची भिंत. दार नाही, झरोका नाही. पंचवीस व्होल्टचा रट्टा दिला की विजेचे कण भिंतीतून आत घुसतात आणि अडकून बसतात. भरलेली खोली म्हणजे शून्य, रिकामी म्हणजे एक. मशीननं कधी काय करायचं ते सगळं या शून्य आणि एकांत लिहिलेलं. वीज बंद करा, दहा वर्षं कपाटात टाका, आतले जागचे हलत नाहीत. पण अतिनील उजेड पडला की त्यांच्या अंगात असं काही बळ येतं की भिंत ओलांडून पळतात. सगळ्या खोल्या रिकाम्या, चिप कोरी. पुन्हा भरायला तुम्ही मोकळे."

त्यासाठीच चिपच्या पाठीवर ती काच असायची. पुसायला आमच्याकडे एक पत्र्याची पेटी होती, आत अतिनील किरणांची नळी, वर टायमर. वीस मिनिटं ठेवली की काम झालं. उन्हातही तेच किरण असतात, फक्त सावकाश काम करतात. म्हणून चिप भरून झाली की काचेवर चंदेरी लेबल लावायचं, म्हणजे आत उजेड शिरत नाही. ते लावणं माझं काम. त्याच्यावर मी कार्डाचा नंबर आणि तारीख घालायची, सुवाच्य अक्षरात. 'काढू नये' असं लिहायचं मला कधी सुचलं नाही, सरांनाही नाही. आम्हाला ते इतकं उघड होतं की जगात कुणी ते काढेल असं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

परत आल्याबरोबर मी चिप वाचायला घेतली. वाचायच्या यंत्रात एका खाचेत मूळ चिप घालायची, दुसऱ्या खाचेत तपासायची. फरक असेल तिथे यंत्र थांबतं आणि दोन्हींतलं दाखवतं. पहिल्या खेपेला एकही फरक नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. मी एवढं हुश्श केलं की शेजारची बाई हसली. सरांना हाक मारायला उठलेसुद्धा. मग वाटलं, पॅनलमध्ये ही चिप अशी गार कधीच नसते. टेबललॅम्प तिच्यावर ओढला आणि दहा मिनिटांनी परत वाचली.

यंत्र थांबलं. मूळ चिपमध्ये सी-टू होतं, इथे सी-ए. सोळा हजारांतली एक खोली रिकामी झाली होती, आणि तीही पुरती नाही. गार असताना भरलेली भासायची, तापली की रिकामी. सी-टू ही आज्ञा होती, 'दोन्ही बटणं दाबलेली नसतील तर मागे फीर.' सी-ए म्हणजे त्याच्या बरोबर उलट. बटणांवर हात नसतील तर पुढे जा, ठोका मार.

मी आणखी दोनदा वाचली. एकदा सी-टू आलं, एकदा सी-ए.

निवृत्तीचे हात मोकळे होते.

सर केबिनमध्ये होते. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. लेबल, खंडेनवमी, ऊन, सी-ए. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती वेळा चुकली?"

"पाचात दोनदा. तापली की."

"आणि गार असताना?"

"बरोबर येते."

"मग बरोबर आहे."

"सर, पॅनलमध्ये ती तापलेलीच असते."

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "एकशे चाळीस पॅनलं बाहेर आहेत आपली. हे बाहेर फुटलं तर महिन्याभरात एकूण एक परत येतील. या अकराजणी कुठे जातील, सांग. आणि लेबल कुणी काढलं? त्यानंच ना?"

"त्याला काय माहीत, सर? तो बिचारा पूजा करत होता."

"बरोबर. काढू नका असं आपण कुठे लिहिलं होतं?"

ते 'आपण' म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे. माझे कान तापले.

"साहेब चार वाजता येतायत. त्यांना चालू कार्ड दाखवायचंय," त्यांनी चष्मा परत लावला. "पुसून नेहमीसारखी भरून ठेव."

"आधी त्यांना वाचून दाखवू या ना. हवं तर दुसरी चिप..."

"पंचनाम्यात चिपचा छापील नंबर उतरवलाय. हीच लागेल."

म्हणजे मी येण्याआधीच त्यांचा सगळा विचार झाला होता. 'पुरावा' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, मीही नाही. पुसून भर, हे तर मी दिवसातून दहा वेळा ऐकायची.

त्या अकरा बायकांचा विचार करून मी ते केलं असं सांगायला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. मला माझं लेबल दिसत होतं आणि त्याच्यावरचं माझं सुवाच्य अक्षर. उद्या कुणी विचारलं, 'लेबल लावायचं काम कुणाचं?' तर माझंच नाव येणार होतं. मी घाबरले होते, बस्स.

काचेवर काही असलं तर तेवढ्या भागावर किरण पोचत नाहीत. म्हणजे कुंकू आधी पुसायला हवं होतं. कापूस स्पिरिटमध्ये भिजवला. कुंकू वाळून घट्ट बसलं होतं, एका हातात निघालं नाही. तीनदा पुसावं लागलं. तिसऱ्यांदा काच लख्ख झाली आणि आतला चिमुकला चौकोन स्पष्ट दिसायला लागला. तो लाल कापूस मी कचऱ्याच्या डब्यात न टाकता, का कोण जाणे, संडासात जाऊन टाकला.

चिप पेटीत ठेवली. झाकण लावलं. टायमर फिरवला.

आठव्या मिनिटाला मी उठले होते. झाकणावर हातही ठेवला होता. मग मनात आलं, आता अर्धीमुर्धी पुसलेली चिप कुणाला काय सांगणार? आता उघडलं तर दोन्हीकडून गेलं. परत बसले. माणूस स्वतःशी किती चटकन हिशेब जुळवतो ते मला त्या दिवशी कळलं. टायमर वाजला तेव्हा मी चहा पीत होते.

कोरी चिप मी परत भरली. सी-टूच्या जागी सी-टू. काचेवर नवं लेबल लावलं, त्यावर सत्त्याऐंशी नंबर घातला आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख. पंचनाम्यात लेबलाबद्दल अक्षर नव्हतं, ते मी पाहून घेतलं होतं. शेवटी टेबल पुसायचं तेलकट फडकं त्याच्यावरून दोनदा फिरवलं, म्हणजे ते जुनं दिसावं. हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

इन्स्पेक्टरसाहेब कामाला चोख निघाले. मला वाटलं होतं कागद बघून जातील, तर त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर चिप तीनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "गरम झाल्यावर फरक पडतो का हो यात?"

सर खाकरले. मी टेबललॅम्प ओढला. दहा मिनिटं आम्ही तिघं त्या लॅम्पकडे बघत बसलो. चिप वाचली. एकही फरक नाही.

"तुम्ही तिथून काढून आणलीत तेव्हाही अशीच होती?" त्यांनी सरांना नाही, मला विचारलं.

"हो साहेब."

"मग प्रश्न मिटला," ते म्हणाले आणि अहवाल पुढे सरकवला. तपासणी करणाऱ्याची सही, या ओळीवर मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

पुढच्या दोन महिन्यांत निवृत्तीचा निकाल लागला. पट्टी बांधली होती असं ठरलं. आणि त्याच दोन महिन्यांत सरांनी 'काढू नये' असं ठळक छापलेली लेबलं करून घेतली आणि मला फुकट सर्व्हिसिंगच्या नावाखाली प्रत्येक कारखान्यात धाडलं. एकशे चाळीस पॅनलं मी उघडून पाहिली. नऊ ठिकाणी लेबल नव्हतं. नऊ चिपा मी गुपचूप बदलल्या. "बघ, शेवटी चांगलंच झालं की नाही?" सर म्हणाले. त्या नऊ मशिनांवर बसणाऱ्या माणसांचे हात वाचले, हे खोटं नाही. मी मान हलवली. त्या दिवसांत मी पुष्कळदा नुसती मान हलवायची.

वैशाखातल्या एका दुपारी ती दोघं गाळ्यात आली. सर पुण्याला गेले होते. पुढे गयाबाई, हातात कागदांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. मागे निवृत्ती. त्याला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच, ओढलेला, उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातलेला. गाळ्याचं दार स्प्रिंगचं होतं, ते त्यानं आपल्या पाठीनं धरून ठेवलं आणि अलगद लावलं. इतरांसारखं आपटू दिलं नाही.

"बाई, वळखलं का?" गयाबाई म्हणाली. "वकील म्हनतो, तपासनाऱ्या बाईंनी कागदावर लिहून दिलं तर वरच्या कोर्टात जाता येतंय. मशीनमदी कायतरी खोट व्हती, एवढंच लिहा. मी सगळ्यांशी भांडून बसलीय. दिरांशी, सोसायटीतल्या लोकांशी, ह्यांच्या संगतच्या कामगारांशी. समदे म्हनतात, नवऱ्याचं झाकती."

मी काही बोलायच्या आत निवृत्ती म्हणाला, "जाऊ दे गं. चल."

"का जाऊ दे?"

तो माझ्याकडे वळला. "बाई, खरं सांगू का? आता माझं मलाच उमजंना. टिळेसाहेब म्हनतात पट्टी व्हती. कोर्टात म्हनले पट्टी व्हती. तुमच्या यंत्रानं मशीनच्या आतलं वाचलं, तेबी म्हनलं मशीन बरोबर. एवढे लोक कशाला खोटं बोलतील? आठवाया बसलो की कवा हात मोकळे दिसत्यात, कवा पट्टी दिसती. तसा घाईच्या दिवशी बांधायचो मी कधीमधी. तिला म्हनलो न्हवतो, पन बांधायचो."

गयाबाईनं त्याच्याकडे बघितलं. हे तिला नवीन होतं. पण ती हटली नाही. "त्या दिवशी न्हवती. दवाखान्याच्या वाटंवर तुमीच म्हनलात मला."

"म्हनलो असंल. तवाचं आता काय आठवतंय."

"मला आठवतंय की!" ती जवळजवळ ओरडली. मागे अकराही बायकांचे हात थांबले. मग तिनं आवाज खाली आणला आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, तुमीच सांगा. तुमी आतून बघितलंय. मशीन चुकलं का हे चुकले? तुमी म्हनाल ते मी ऐकते. त्याच्याफुडं एका शबदानं कुनाशी भांडायची न्हाई."

पस्तीस वर्षं झाली. त्या टेबलाशी मी मनानं किती वेळा परत जाऊन उभी राहिले असेन, आणि दर वेळी मी खरं बोलते. सांगते की हात मोकळे होते, की याला तुझ्याशी खोटं बोलायचं कारणच नव्हतं. तेवढं एक वाक्य बोलायला फार तर पाच सेकंद लागली असती. पुढचं पुढे. पण त्या दुपारी माझ्यासमोर अहवाल होता, सही होती, तेलकट फडक्यानं जुनं केलेलं लेबल होतं, आणि ते सगळं माझंच होतं.

"मशीन बरोबर होतं," मी म्हटलं.

"म्हंजे पट्टी व्हती?"

"असणार."

निवृत्तीनं मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले, आणि मी शपथेवर सांगते, त्याचा चेहरा खरोखर मोकळा झाला. डावा हात कपाळाला लावून तो म्हणाला, "एकदाचं कळलं बाई. डोकं फुटायची पाळी आली व्हती. उपकार झाले."

गयाबाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग टेबलावरची पिशवी उचलून तिनं त्याच्या डाव्या हातात दिली.

"बारा वर्सं," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर पडली. दार तिच्यामागे आपटलं.

"गया, अगं थांब की," म्हणत तो दारापर्यंत गेला. डाव्या हातात पिशवी होती, उजवा खिशात. स्प्रिंगचं दार आत ओढायचं होतं. त्यानं कोपरानं प्रयत्न केला, मग पायानं. मग नुसताच दाराशी उभा राहिला. मी उठले आणि त्याला दार उघडून दिलं.

"उपकार झाले," तो परत म्हणाला.